श्रावणातला आकडा

कुमार कारखान्यातून आला की अंगातला शर्ट काढायचा, दारामागच्या खिळ्याला अडकवायचा आणि न्हाणीत शिरायचा. आत बादलीत पाणी पडायला लागलं, की सुकन्या ओले हात पदराला पुसत बाहेरच्या खोलीत यायची आणि शर्टाची कॉलर नाकाशी धरायची. लूमच्या वंगणाचा वास यायचा, सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास यायचा, दिवसभराच्या घामाचा यायचा. दारूचा वास गेल्या तीन वर्षांत एकदाही आला नव्हता.

पण वास आला नाही म्हणजे माणूस पीत नाही, असं थोडंच असतं? अठरा वर्षांच्या संसारात तिने तोंडात बडीशेप धरून आलेला नवरा पाहिला होता, वेलची चावत आलेला पाहिला होता, एकदा तर पेरूची पानं चघळत आलेलाही पाहिला होता. तेव्हा नाकावर तिचा विश्वास उरलेला नव्हता. तरी ती रोज वास घ्यायची. सवय म्हणा, भीती म्हणा.

भीतीला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी होळीच्या आठवड्यात कुमारच्या पोटात अशी कळ उठली, की एवढा धिप्पाड माणूस गुडघे छातीशी घेऊन लादीवर लोळत होता. ठाण्याला नेलं. अकरा दिवस ठेवलं. रक्त काढलं तेव्हा नळीत वरच्या बाजूला दुधावर साय धरावी तसा पांढरा थर दिसला. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी दीडशेच्या आसपास असावी लागते, ती अठराशेच्या वर गेली होती, आणि त्यामुळे स्वादुपिंड सुजलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सुकन्याला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्यांच्या अंगात मुळातच चरबी जास्त तयार होते, त्यात दारू. ह्या वेळी वाचले. पुन्हा असं झालं तर मी शब्द देत नाही."

कुमारने दारू सोडली ती त्या दिवसापासून. निदान तो तसं म्हणत होता. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सुकन्याने सासूसमोर आणि थोरल्या दिरासमोर त्याला सांगून टाकलं होतं, "एक घोट जरी पोटात गेल्याचं मला कळलं, तर रीमाला घेऊन मी भावाकडे जाईन. परत येणार नाही. विधवाच व्हायचं नशिबात असेल तर तिकडे बसून होईन. तुमचं पोट धरून पुन्हा मी त्या लादीवर बसणार नाही."

कुमारने मान डोलावली होती. माणूस मुळात कमी बोलणारा. नारपोलीच्या एका यंत्रमाग कारखान्यात तो जॉबर होता, अडलेले लूम दुरुस्त करणारा. चोवीस लूम त्याच्या ताब्यात. कुठला लूम कशाने अडला हे आवाजावरून ओळखायचा, आणि दिवसभर त्या खडखडाटात राहून घरी आल्यावर शब्द जपून वापरायचा.

पहिली दोन वर्षं बरी गेली. डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज घेतली, तेलकट बंद केलं, आकडा तीनशेवर येऊन थांबला. निजामपुऱ्यातल्या डॉक्टरांकडे तो दर दोन-तीन महिन्यांनी जायचा. तीनशे काही चांगला आकडा नव्हे, पण अठराशेच्या मानाने देवाची कृपा म्हणायची.

मग गेल्या दिवाळीत रामूदादाने ती बाटली आणली.

रामू कुमारचा थोरला भाऊ. टेमघरच्या त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचा. हायवेलगतच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता, आणि जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला आधी कळते असा त्याचा समज होता. त्याचीही चरबी वाढली होती, तीनशे ऐंशी. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू केल्या आणि चार महिन्यांत तो एकशे नव्वदवर आला.

"बघ, बघ," रिपोर्ट कुमारच्या नाकासमोर नाचवत तो म्हणाला. "अर्ध्यावर! आणि गड्याने मटण सोडलेलं नाही. आपलं रक्त एक, आपली हाडं एक. मला लागू पडलं ते तुला पडणारच."

बोटाच्या पेराएवढ्या पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या कॅप्सूल. सुकन्याने त्या आपल्या ताब्यात घेतल्या. सकाळी एक, रात्रीच्या जेवणानंतर एक. ती कॅप्सूल कुमारच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा तांब्या द्यायची आणि घोट गिळेपर्यंत समोर उभी राहायची. कुमार निमूट गिळायचा. मग त्याला ढेकर आली की सासू, हौसाबाई, नाक मुरडून म्हणायची, "काय रं कुमार, सुके बोंबील खाल्लंस का काय?" आणि सगळे हसायचे.

हसणं पौषात थांबलं. आकडा तीनशे साठ आला.

"थंडीत खाणं जास्त होतं," रामू म्हणाला.

होळीला चारशे सत्तर. सुकन्याने कॅप्सूल दुप्पट केल्या. सकाळी दोन, रात्री दोन. वैशाखात पाचशे ऐंशी. आषाढात सहाशे नव्वद.

निजामपुऱ्यातले डॉक्टर वयस्कर, सरळ माणूस. त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि कुमारकडे पाहिलं. "गोळी चालू आहे?"

"आहे."

"चुकत नाही?"

"मी स्वतः देते," सुकन्या म्हणाली. गोळी म्हटल्यावर तिला डॉक्टरांनी लिहून दिलेली पांढरी गोळीच आठवली. कॅप्सूलचं तिने सांगितलं नाही, कुमारनेही नाही. ते औषध आहे असं घरात कुणाला वाटतच नव्हतं. ती ताकदीची वस्तू होती, च्यवनप्राशासारखी. ती काय डॉक्टरांना सांगायची?

"खाणं?"

"तेही मी देते. तेल मोजून घालते."

"मग एकच गोष्ट राहते," डॉक्टर म्हणाले. "कुमार, तुम्ही पीत आहात."

"नाही."

"हे बघा, माणूस खोटं बोलतो. आकडा खोटं बोलत नाही. हाच आकडा हजारावर गेला की पुन्हा ते ठाणं आणि पुन्हा ते अकरा दिवस. ह्या वेळी कदाचित अकरा नसतील."

येताना दोघं रिक्षात बसली. घराच्या वळणावर सुकन्या म्हणाली, "आता श्रावण लागतोय. श्रावण संपला की पुन्हा रक्त काढायचं. आकडा खाली आला नाही तर मी जाते. भावेशला सांगून ठेवते मी."

भावेश तिचा धाकटा भाऊ. गावाहून भाजी भरून टेम्पो आणायचा.

"आला खाली तर?" कुमारने विचारलं.

"तर राहते."

"ठीक," तो म्हणाला.

पण ती त्याच्यावर नजर ठेवायची थांबली नाही. गेल्या वर्षभरात तो घरी उशिरा यायला लागला होता. कारखान्यातून साडेसहाला सुटायचा, रिक्षाने पाऊण तासात घरी पोचायला हवा, तो आठ-सव्वाआठला यायचा. विचारलं तर म्हणायचा, "झाला उशीर." एवढंच. त्या तासाभरात काय होत असेल, ते ती भाकऱ्या थापता थापता मनात पाहत बसायची. टेबल दिसायचं, ग्लास दिसायचा, त्याच्यासोबत बसलेल्यांची तोंडंसुद्धा दिसायची.

श्रावण लागला. त्या घरात श्रावण म्हणजे हौसाबाईंचं राज्य. आदल्या दिवशी म्हातारीने म्हावऱ्याचा तवा, म्हावऱ्याचं पातेलं, सुकटीचा डबा, बोंबलांची जुडी, सगळं एका गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवायला लावलं. घरभर फिरून तिने कोपरान् कोपरा हुंगला. महिनाभर घरात माशाचा काटा दिसायला नको. दारूचं तर नावच नको. आषाढी अमावास्येला पिणारे पिऊन घेत, आणि श्रावणात आळीतले पट्टीचे पिणारेही दूध पिणाऱ्या मांजरासारखे दिसत. रामूसुद्धा महिनाभर शिवत नसे.

महिना सरला. शेवटच्या दिवशी, अमावास्येच्या सोमवारी सकाळी कुमारने उपाशीपोटी रक्त दिलं. संध्याकाळी सुकन्या एकटीच निजामपुऱ्यात गेली. लॅबमध्ये वनिता होती. टेमघरचीच, मागच्या आळीतली, शिकून ह्या कामाला लागलेली मुलगी. सुकन्याने कागद उघडलाच नाही, म्हणून वनितानेच वाचून दाखवलं.

"दोनशे चाळीस."

"किती?"

"दोनशे चाळीस, वहिनी. सहाशे नव्वदवरून."

सुकन्या बाकावर बसली. कितीतरी महिन्यांनी तिने पूर्ण श्वास घेतला. वनिता मात्र कागदाकडे पाहत राहिली होती.

"वहिनी, एक विचारू? आमच्याकडे बौद्धांत श्रावण नसतो, वर्षावास असतो. म्हणून मला नीट माहीत नाही. श्रावणात तुमच्याकडे काय काय बंद असतं?"

"मटण, म्हावरं, अंडं. कांदा-लसूण सोमवारी. का गं?"

"नाही, महिन्यात एवढा फरक म्हणजे काहीतरी मोठं बंद झालेलं असणार. बघा आठवून."

सुकन्या हसली. आठवायला तिला सवड नव्हती. ती धावतच रिक्षात बसली.

घरी आली तेव्हा कुमार आधीच आलेला. त्याने लॅबला फोन लावला होता. कधी नव्हे तो हातात पेढ्यांचा पुडा होता. आईच्या पाया पडून त्याने तिच्या तोंडात पेढा घातला, रीमाच्या घातला. रीमा अकरावीला होती. बापाला असं हसताना पाहून ती नुसती बघतच राहिली.

रामू जिन्यावरून खाली आला. "काय रे, कसले पेढे?"

"दोनशे चाळीस," कुमार म्हणाला. त्याचा आवाज एवढा मोकळा सुकन्याने लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

रामूने पेढा उचलला. तोंडाशी नेला आणि थांबला. मग पेढा पुन्हा पुड्यात ठेवून तो म्हणाला, "म्हणजे आधी पीत होतास."

"काय?"

"अरे सरळ आहे की! महिनाभर श्रावण. श्रावणात तू प्यायला नाहीस, आकडा धपकन् खाली. म्हणजे आषाढापर्यंत कशाने चढत होता? हवेने?"

लूम अचानक बंद पडल्यावर कानात जसं घुमतं तसं सुकन्याच्या कानात घुमलं. वनिताचे शब्द तिला आठवले. काहीतरी मोठं बंद झालेलं असणार.

"दादा, मी आईची शपथ..."

"म्हातारीला कशाला मधे घेतोस? मी तुझा दुश्मन आहे का? मीच तुला ती बाटली आणून दिली. मला लागू पडली, तुला पडली नाही, तेव्हाच मी समजलो. बोललो नाही इतकंच. एका आईच्या पोटची आपण दोघं. एकाला अमृत आणि एकाला विष, असं होतं का कुठे?"

कुमारने सुकन्याकडे पाहिलं. ती काही बोलेल म्हणून तो थांबला होता, हे तिला कळलं. तिने मान खाली घातली. पेढ्यांचा पुडा तसाच स्टुलावर राहिला. थोड्या वेळाने तिने कपाटातून बॅग काढली तेव्हा कुमार दारात उभा होता.

"आकडा खाली आला तर राहते म्हणाली होतीस."

"तो खाली का आला, तेच कळलं ना मला."

"मी प्यायलो नाही, सुकन्या."

"मग रोज आठ कसे वाजतात?"

त्याने खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कॉलर बाहेरच्या बाजूला करून टांगतो मी शर्ट. तुला वास नीट घेता यावा म्हणून. दोन वर्षं झाली." आणि वळून ओट्यावर जाऊन बसला.

ह्या बोलण्याने ती हलली. पण हलून काय करणार? आकडा समोर होता.

दुसऱ्या दिवशी कुमार चहा न घेता कामावर गेला. अमावास्या होऊन गेली होती. गणपती गावच्या घरी बसायचा, त्यामुळे ह्या घरात श्रावण सरला की म्हावरं शिजायचं. दहाच्या सुमारास भावेशचा टेम्पो दाराशी आला. रीमा डोळे सुजवून पायरीवर बसली होती. सुकन्याने बॅग उचलली.

हौसाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती सुनेला थांब म्हणाली नाही. म्हणाली ती एवढंच, "जातेस तर जा. पन जायच्या आदी त्यो माळ्यावरचा गोणपाट काडून दे. माजा हात न्हाय पोचत. तू गेल्यावर कोन काडंल?"

सुकन्या स्टुलावर चढली. गोणपाट ओढून खाली आणला, गाठ सोडली. तवा. पातेलं. सुकटीचा डबा. बोंबलांची जुडी. आणि तळाशी, बोंबलांच्या वासात मुरलेली, कॅप्सूलची बाटली.

"ही इथे कशी?"

"मीच टाकली," म्हातारी म्हणाली. "त्यावर म्हावऱ्याचं चित्र हाय ना! मला वाचाय येत न्हाय, पन म्हावरा कळतो. श्रावणात म्हावरा घरात ठेवतेस व्हय? तुला सांगितलं व्हतं की मी."

सांगितलं होतं. सुकन्याला आठवलं. चुलीशी कामात होती, "राहू द्या, महिनाभराने काय बिघडतंय," असं ती म्हणाली होती, आणि दारूच्या धास्तीत कॅप्सूल तिच्या ध्यानातूनच गेल्या होत्या. नवी बाटली होती ती, आदल्याच दिवशी आणलेली. झाकणाखालचं चंदेरी कागदाचं सील तसंच होतं. महिनाभर त्यातली एकही कॅप्सूल कुमारच्या पोटात गेली नव्हती.

ती बाटली हातात धरून खालीच बसली. दिवाळीत सुरू केली. पौषात आकडा चढला. होळीला दुप्पट केली. वैशाखात आणखी चढला. श्रावणात बंद झाली. श्रावणात आकडा उतरला. कोण देत होतं रोज? कोण समोर उभं राहून घोट गिळला की नाही ते पाहत होतं?

बाहेर भावेशने हॉर्न दिला. "ताई, येतेस ना? माझी भाजी सुकली गं!"

ती बाटली घेऊन बाहेर आली. बॅग आतच राहिली. "भावेश, टेम्पो निजामपुऱ्यात घे."

"आणि गावाला?"

"आधी निजामपुऱ्यात घे म्हटलं ना!"

दवाखान्यात गर्दी होती. नंबर येईपर्यंत सुकन्याने बाटली पदराखाली धरून ठेवली होती, चोरीचा माल असावा तशी. डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकलं. बाटली फिरवून वाचली.

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"औषध वाटलंच नाही आम्हाला. तुम्हीच म्हणाला होतात, आकडा खोटं बोलत नाही."

"आकडा बरोबरच होता," डॉक्टर म्हणाले. "मीच पुरतं विचारलं नाही. दारूवर बोट ठेवून मोकळा झालो." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "बहुतेकांची चरबी ह्या तेलाने उतरते, हे खरं आहे. पण सगळ्यांची सारखी नाही. परदेशात हजारो लोकांचे रक्ताचे आकडे आणि त्यांची जनुकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहेत. जनुकात एका ठिकाणी एक अक्षर ज्यांच्याकडे असतं, त्यांची चरबी तेलाने कमी झालेली दिसली. ज्यांच्याकडे दुसरं असतं, त्यांची कमी झाली नाही, उलट थोडी वाढलेली दिसली."

"पण दादांची उतरली. सख्खे भाऊ दोघं."

"तुमच्याकडे जमिनीची वाटणी झाली का?"

"झाली. सासरे गेल्यावर."

"दोघांना एकच तुकडा मिळाला?"

"नाही. दादांना ओढ्याकडचा, ह्यांना माळाचा."

"तसंच आहे हे. आईबाप तेच, पण वाटणीला काय येतं ते वेगळं असतं. ओढ्याकडच्या तुकड्यावर भात येतो, म्हणून माळावर येईलच असं नाही." ते थांबले. "पण मी खात्रीने सांगत नाही हं. कुमारच्या वाटणीला कुठलं अक्षर आलंय, ती तपासणी इथे होत नाही. आणि त्या अभ्यासात वाढ थोडी होती, ह्याची खूपच जास्त आहे. ह्याच्या अंगात मुळात दोष आहे, त्यामुळे असेल. किंवा कारण दुसरंच असेल."

"म्हणजे पीत असतील, असंही असेल?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "असंही असेल. हे तेल बंद ठेवा. बाकी सगळं चालू. दीड महिन्याने रक्त काढू. श्रावण संपलाय, आता पिणारे पितातच. तरी आकडा खालीच राहिला, तर काय ते समजा. तोवर मी काही सांगू शकत नाही."

तोवर. दीड महिना. सुकन्या टेम्पोत येऊन बसली. भावेशने विचारलं, "आता कुठे?"

"नारपोली."

कारखान्याच्या दारात उभं राहिलं तरी कानठळ्या बसत होत्या. कुमार एका लूमखाली आडवा झाला होता, नुसते पाय दिसत होते. कुणीतरी त्याला हाताने खूण केली. तो उठला, हाताचं वंगण पुसत बाहेर आला. तिच्या हातातली बाटली त्याने पाहिली आणि तिच्यामागचा भावेशचा टेम्पोही पाहिला.

"निघालीस?"

तिने सगळं सांगितलं. गोणपाट, सील, डॉक्टर, वाटणी. मशीनच्या आवाजात तिला ओरडून सांगावं लागत होतं, आणि ओरडून सांगताना तिला रडू येत होतं. आपल्याच हाताने दिलं, हे तर तिने दोनदा सांगितलं.

कुमार शांतपणे ऐकत होता. मग त्याने हात पुढे केला. "दे ती बाटली."

"कशाला?"

"दीड महिना कशाला वाट पाहायची? रोज चार खातो. सगळ्यांसमोर खातो. दादासमोर, आईसमोर, तुझ्यासमोर. आणि तुम्ही मला खोलीत कोंडून ठेवा, कामावर नाही जात. मग काढू रक्त. चढला आकडा की दादाचं तोंड बंद होईल."

"वेड लागलंय का तुम्हाला? हजारावर गेला तर?"

"जाऊ दे. शब्द तरी खरा ठरेल."

त्याने तिच्या मुठीतून बाटली काढून घेतली. झाकण फिरवलं. सील अंगठ्याने फोडलं आणि दोन पिवळ्या कॅप्सूल तळहातावर घेतल्या. तोच तळहात, ज्यावर ती रोज ठेवत आली होती. सुकन्याने झडप घातली. बाटली सिमेंटवर आदळली, कॅप्सूल नालीपर्यंत घरंगळत गेल्या. तिने त्याची मूठ दोन्ही हातांनी उघडली आणि त्या दोन काढून लांब भिरकावल्या. दारात उभे असलेले दोन कामगार बघत होते. त्यातला एक म्हणाला, "भाभी, क्या हुआ?" तिने त्याला जायची खूण केली.

"मग तुला कसं कळणार?" कुमार म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "सांग ना, कसं कळणार?"

"कळलं मला."

"कशावरून? डॉक्टर पण नाही म्हणाले."

ती वंगणाने माखलेला त्याचा हात धरून नुसती उभी राहिली.

"आठ कसे वाजतात, एवढं सांगा फक्त," ती शेवटी म्हणाली.

"चालत येतो."

"नारपोलीहून टेमघर?"

"डॉक्टर म्हणाले होते, चाला. म्हणून रोज चालतो. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, वाटेत कुठे थांबता?"

म्हणाली असती. तिला माहीत होतं, नक्की म्हणाली असती.

भावेश भाजी उतरवून रिकामा टेम्पो घेऊन गावाला गेला. बॅगेतले कपडे सुकन्याने त्याच दुपारी पुन्हा कपाटात लावले. हौसाबाईने कोळंबी करायला लावली आणि तिखट कमी झाल्याची तक्रार केली. रामू रात्री जेवताना म्हणाला, "काय, बाईंचं मन वळलं का? बायका म्हणजे..." सुकन्याने त्याच्या पुढ्यात भाकरी आपटली. "दादा, दीड महिना तोंड बंद ठेवा. तुमच्या पाया पडते." त्यानंतर तो ह्या विषयावर बोलला नाही, पण त्याच्या भुवया बोलत राहिल्या.

तो दीड महिना सोपा गेला असं कुणी समजू नये. कुमार तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. दुखावलेला माणूस एका दिवसात सरळ होत नाही. शर्ट अजून खिळ्याला टांगलेला असायचा, कॉलर बाहेरच्या बाजूला. ती तो शर्ट न हुंगता बादलीत टाकायची, आणि दर वेळी हात क्षणभर थांबायचा. गौरी-गणपती झाले, नवरात्र झालं, दसऱ्याला आळीत रात्रभर गाणी वाजली आणि रस्त्यावर बाटल्या फुटल्या. कुमार त्या दिवशीही आठलाच आला, चालत. एक संध्याकाळ अशीही आली, की नऊ वाजले तरी तो आला नाही. सुकन्या दारात उभी राहिली, आत गेली, पुन्हा दारात आली. सव्वानऊला तो आला. चपलेचा अंगठा तुटला होता, ती त्याने हातात धरली होती. तिने काही विचारलं नाही, पण तिला धाप लागली होती हे त्याने पाहिलं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी त्याने रक्त दिलं. संध्याकाळी सुकन्या लॅबमधून कागद घेऊन आली. वनिताने ह्या वेळी वाचून दाखवलं नव्हतं, घडी घालून हातात दिला होता आणि हाताला हात लावला होता.

रामू गोडाऊनवरून येऊन ओट्यावरच बसला होता. तिने कागद आधी त्याच्याच हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला, उजेडाकडे धरून तिसऱ्यांदा वाचला.

"दोनशे पाच," तो म्हणाला. मग कागद खाली करत, "म्हणजे माझी बाटली..."

"पाची बोटं सारकी न्हायत रं," हौसाबाई आतून म्हणाली. "तुला लहानपनी दूध पचायचं, त्याला न्हाय पचायचं. माज्या ध्यानात हाय. मला कोनी इचारलंच न्हाय."

रामूने कागद नीट घडी घालून सुकन्याला परत दिला. "येऊ दे त्याला," तो म्हणाला. "मी बोलतो त्याच्याशी." पण कुमारची चाहूल वळणावर लागली तसा तो उठून जिना चढून वर गेला.

कुमार आला. घामाने भिजलेला. सुकन्या कागद हातात धरून समोर उभी होती. त्याने कागदाकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. अंगातला शर्ट काढला. खिळ्याकडे गेला नाही. शर्टाचा बोळा करून त्याने खुर्चीवर फेकला, लग्नानंतरच्या दिवसांत फेकायचा तसा, आणि न्हाणीत शिरला.

"खिळा काय शोभेला आहे?" सुकन्या मागून ओरडली.